सोजराबाईंचा डबल

वसमतमध्ये ब्रिज समजणारा माणूस एकच आहे आणि तो मी, अशी माझी समजूत गेल्या श्रावणापर्यंत अगदी शाबूत होती. तिला तडा गेला तो माझ्याच घरात, संध्याकाळी पाच वाजता, बायकोचं ब्लडप्रेशर मोजलं जात असताना.

मी बोरीकर सर. बत्तीस वर्षं कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालो आणि तेव्हापासून मोबाईलवर ब्रिज खेळतो. हा खेळ चौघांचा. समोरासमोर बसलेले दोघं भिडू. पत्ते वाटले की आधी बोली होते: तेरा हातांपैकी आम्ही इतके करू, हुकूम अमुक. पहिले सहा हात गृहीतच, बोलीचा आकडा त्यांच्यावरचा; ‘तीन बदाम’ म्हणजे नऊ हात, हुकूम बदाम. समोरचे त्यावर चढती बोली लावतात. त्यांची बोली त्यांना झेपणार नाही असं वाटलं तर आपण ‘डबल’ म्हणायचं, म्हणजे ते पडले, बोलीइतके हात झाले नाहीत, की दंड दुप्पट-तिप्पट. सगळी गंमत, आणि सगळा मनस्ताप, या बोलीतच आहे. कुठवर चढायचं, कुठं थांबायचं, कधी समोरच्याला त्याच्याच बोलीत सोडून द्यायचं, यावर मी आठ पुस्तकं वाचली आहेत. दोन तर दोनदा.

तर त्या संध्याकाळी मी ‘तीन बदाम’ असं बटण दाबलं, आणि मागून आवाज आला.

“तीन काहून म्हनले? दोनमधीच सांगून झालं व्हतं ना समदं.”

मी वळून पाहिलं. मागच्या गल्लीतल्या सोजराबाई. निवृत्त नर्स, वय एक्क्याऐंशी. आमच्या भागातली इंजेक्शनं आणि ब्लडप्रेशर त्यांच्याकडंच. एका हातानं त्यांनी माझ्या बायकोच्या, शिवकन्येच्या, दंडाला पट्टा आवळला होता, आणि नजर माझ्या मोबाईलवर होती.

“मावशी, ही रमी नव्हे,” मी समजुतीनं म्हणालो.

“रमी असती तर बोलले नसते. रमीतलं मला कळत न्हाई.”

मी हसलो. दोन मिनिटांनी मी दोन हातांनी पडलो. सोजराबाई पट्टा सोडत म्हणाल्या, “एकशे चाळीस-नव्वद. मीठ कमी करा.” हे शिवकन्येला होतं, पण लागलं मला.

मग कळलं ते असं. सिद्धेश्वर धरणाच्या वसाहतीत त्या दवाखान्यात नोकरीला होत्या. वसाहतीतले इंजिनिअर रोज संध्याकाळी ब्रिज खेळायचे. एखादा दौऱ्यावर गेला की चौथा भिडू मिळेना, म्हणून एकानं हौसेनं यांना शिकवलं. “एकवीस साल चौथी बसले,” त्या म्हणाल्या. “बदलून येनारे हर सायब आधी हासायचे.” पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आधी हसणाऱ्यांच्या यादीत मी नुकताच जमा झालो होतो.

एवढ्यावर सगळं थांबलं असतं. पण परभणीच्या निवृत्त कार्यकारी अभियंता अनिरुद्ध वाळूरकरांशी माझी मोबाईलवरच ओळख झाली होती. त्यांना मी जोशात सामन्याचं आव्हान देऊन बसलो होतो. सोळा डाव, समोरासमोर, वसमतला. माझा भिडू बँकेतला एक अधिकारी होता. मोठा गुणी माणूस. सामन्याच्या तीन आठवडे आधी त्याची बदली झाली आणि तो गुणांसकट गेला.

जागेचाही प्रश्न होताच. आमच्या गल्लीतले कोंडीबा नाना एका वाचनालयाचे सेक्रेटरी आहेत. वाचनालयाच्या माडीवर एक खोली रिकामी आहे, आणि तिच्यावर कॅरमवाल्यांचा बरेच दिवस डोळा होता. नानांनी न्यायनिवाडा केला: “सर, परभणीवाल्याला हारवलं तर दर ऐतवारी खोली तुमची. हारले तर कॅरमची. आन पोलिसाचा कागद आना बरं का. पत्ते म्हनलं की आमची कमिटी भेते.”

भिडू नाही म्हटल्यावर गल्लीतून सल्ले सुरू झाले. एकानं तिघांतच खेळा असं सुचवलं. एकानं तीन पत्ती उत्तम खेळणारा आपला मेहुणा देऊ केला. नानांचा सल्ला सर्वात व्यवहारी होता: “चांगली पानं आले की भिडूनं डोकं खाजवायचं. लै चांगले आले की दोन्ही हातानं.” शेवटी शिवकन्या म्हणाली, “अहो, सोजरामावशींना विचारा की. का लाज वाटते?”

लाज वाटत होतीच. तरी गेलो. त्या ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, “सुई टोचायचे टाईम सोडून कदीबी.”

आता पोलिसांच्या कागदाची कथा. मी गणिताचा माणूस, अर्धवट लिहिणं मला जमत नाही. कमिटी पत्त्यांना भिते, तेव्हा खेळाची संपूर्ण माहिती द्यावी म्हणून मी अर्जात लिहिलं: ‘या खेळात दोन्ही पक्ष चढती बोली लावतात, प्रतिपक्षाची बोली डबल करता येते व अंदाज चुकल्यास दंड बसतो.’ ठाण्यातल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला.

“सर, तुमी तर पुरा कबुलीजबाबच टाईप करून आनला की.”

“अहो, यात पैसे नसतात.”

“मंग डबल काय करता?”

“गुण.”

“गुनाचं काय मिळतं?”

“काही नाही.”

“काही मिळत न्हाई, आन चार-चार घंटे बसता?” त्याचा संशय उलट वाढला. मला तीन चकरा झाल्या. चौथ्या चकरेला परवानगी मिळाली, अटींसकट: दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, टेबलावर पत्ते व कागद-पेन्सिल यांखेरीज काही ठेवू नये आणि संपूर्ण सामन्याला एक हवालदार हजर राहील. बत्तीस वर्षं ज्यानं परीक्षेत पोरांवर लक्ष ठेवलं, त्याच्यावर आता पहारा बसणार होता. मी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि घरी कोणाला अटी सांगितल्या नाहीत.

सराव सुरू झाला. मी सोजराबाईंसाठी चौदा पानांच्या नोट्स काढल्या होत्या. त्यात एक सूत्र होतं: आपली हुकमाची पानं अधिक त्यांची हुकमाची पानं, त्यावरून एकूण हात. त्यांनी चष्मा लावून सगळी चौदा पानं वाचली.

“बराबर हाय,” त्या म्हणाल्या. “पन हे मोजायलोत तवर समोरचा मानूस काय म्हनला ते कानाआड होतंय. वाळूरकर म्हना, कोनी म्हना, त्यानं तीन बदाम हासत म्हनले का दबून म्हनले, त्यावर पान कळतंय. समोरच्याचं बोलनं आयकायची मुभा हाय आपल्याला. भिडूचं न्हाई.”

हे शेवटचं मला नीट कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं. एका अवघड बोलीपाशी मी सहज त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, काही अंदाज येतो का म्हणून. त्यांनी पत्ते उलटे ठेवले.

“माझ्या थोबाडाकडं काय पाहून राहिले? पत्त्याकडं पाहा.”

“तसं नाही, मावशी...”

“तसंच हाय. भिडूनं काय म्हनलं तेवढं तुमचं. कसं म्हनलं, किती येळानं म्हनलं, खोकून म्हनलं का हासून, ते तुमचं न्हाई. ते कानावर आलं तरी आलं न्हाई असं समजायचं.”

म्हणून त्यांची एक रीत होती. पान चांगलं असो की वाईट, पास म्हणायचं असो की डबल, त्या मनात पाच मोजायच्या. नाडी मोजतात तशा. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि मग बोली. शंभर वेळा पाहा, तेवढाच वेळ. माझी तऱ्हा म्हणजे चांगली पानं आली की खुर्ची करकरायची. त्यांनी माझी खुर्ची बदलायला लावली.

सामन्याच्या रविवारी सकाळी दहाला वाळूरकर आले. पांढरा सदरा, हातात नियमांचं पुस्तक. त्यांच्याकडं ब्रिजचा पंच म्हणून दाखला होता, त्यामुळं वाद झाला तर निर्णय त्यांनीच द्यायचा असं ठरलं. सोबत त्यांच्या भिडू, दातांच्या डॉक्टर कोमल. चाळिशीच्या, हसऱ्या आणि बोलीला भलत्याच धाडसी. गुण लिहायचे डॉक्टरांनी, पण बेरीज शेवटीच, ही परभणीची पद्धत. हवालदार संतराम वही घेऊन भिंतीशी बसले. नाना दारात उभे. सोजराबाईंना पाहून वाळूरकर किंचित हसले. मला फार बरं वाटलं. यादीत एक नाव वाढलं.

तिसऱ्याच डावात मी माती खाल्ली. आमची इस्पिकं मिळून आठच होती. ‘दोन’पर्यंत सांगून झालं होतं. पण समोरच्यांनी तीन बदाम म्हटल्यावर माझ्यानं राहवेना. इस्पिक बदामाच्या वरचं, म्हणून तीन इस्पिक म्हणालो. डॉक्टरांनी डबल केलं. दोन हातांनी पडलो. सोजराबाईंनी पुढचे पत्ते उचलले. मधल्या सुट्टीत जिन्यावर चहा पिताना मात्र म्हणाल्या, “एकदा सांगितलं ना आपल्याजवळ काय हाय ते. पुन्हा तेच सांगायला काय नवे पत्ते आलते?” मी चहा फुंकत राहिलो. माझ्या नोट्सच्या सहाव्या पानावर हेच लिहिलेलं होतं.

सुट्टीनंतर नववा डाव आला, आणि मी आयुष्यात जे पुस्तकातच वाचलं होतं ते समोर पाहिलं. वाळूरकरांनी चार बदाम म्हटलं, अगदी ठाम. ती बोली बसणार होती हे मला दिसत होतं. कुठल्या डावात कोणाचा दंड-बक्षीस हलका आणि कोणाचा जड, हे ब्रिजमध्ये आधीच ठरलेलं असतं; त्या डावात आमचा दंड हलका होता आणि त्यांचं बक्षीस जड. मी आधी एकदा इस्पिक म्हटलेलं, इतकंच. सोजराबाईंनी पाच मोजले आणि म्हणाल्या, “चार इस्पिक.”

लगेच डबल झालं. खेळ माझा होता, म्हणून सोजराबाईंनी आपली पानं टेबलावर मांडली. एक्का नाही. राजा नाही. एक राणी, एक गुलाम आणि बाकी सगळी चिल्लर. पण इस्पिकं पाच, आणि किलवरचं एकही पान नाही. मी खेळलो. एका हातानं पडलो. दंड शंभर.

“हारले म्हना की,” संतराम हळूच म्हणाले.

“हरलो,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. “पण त्यांचं बसलं असतं तर सहाशे वीस गेले असते. पाचशे वीस वाचले.”

संतरामांनी ‘पाचशे वीस’ वहीत लिहिलं, त्याखाली रेघ मारली, मग थोडा विचार करून त्यापुढं ‘गुण’ असं लिहिलं. वाळूरकर सोजराबाईंकडं पाहत होते. आता हसत नव्हते. “बाई, एवढ्या पानांवर?” त्यांनी विचारलं. सोजराबाई म्हणाल्या, “तुमी लै ठाम बोलले, सायब. मला वाटलं, पानं चांगले असतील.”

त्यानंतर खुर्ची ओढून संतराम भिंतीपासून टेबलाशी आले. पहारा मोडला की वाढला, ते मला ठरवता आलं नाही. पुढचे सहा डाव म्हणजे... कसं सांगू? मोठमोठी भाषणं ऐकली आहेत मी, पण ‘पास’ या एका शब्दानं अंगावर काटा येईल असं वाटलं नव्हतं. जिथं मी बोली लावलीच असती तिथं त्या पास म्हणायच्या आणि समोरचे आपणच चढून पडायचे. जिथं मी गप्प बसलो असतो तिथं त्या एकच पायरी वर ढकलायच्या आणि थांबायच्या. आणि सगळं पाच मोजून, एकाच आवाजात, एखाद्याला ‘मूठ आवळा’ म्हणतात तसं.

सोळावा डाव, शेवटचा. माझ्या हिशेबानं आम्ही पाचशे चाळीसनं मागं होतो. या डावात दोन्ही बाजूंना दंडही जड, बक्षीसही जड. मी पत्ते उचलले. सहा इस्पिकं, एक्का-राजा-गुलामासकट. पाच चौकट, एक्का-राणी. एक बदाम, एक किलवर. खुर्ची बदललेली होती म्हणून करकरली नाही.

बोली भराभर चढली. मी चार इस्पिकवर पोचलो आणि डॉक्टर कोमल म्हणाल्या, “पाच बदाम.” म्हणजे तेरापैकी अकरा हात. आता पाळी सोजराबाईंची. मी पत्त्यांकडं पाहत मनात मोजू लागलो. सवयच लागली होती. एक, दोन, तीन, चार, पाच.

सहा.

सात. आठ. नऊ, दहा, अकरा, बारा.

“डबल.”

डबल म्हणजे, त्यांना इथंच पाडू. पण बारा मोजून आलेला डबल म्हणजे, मला इस्पिकमध्येही काहीतरी दिसतंय, खात्री नाही. हे मला पानांनी नाही सांगितलं. हे मला त्या थांबण्यानं सांगितलं. आणि ते माझं नव्हतं. पास म्हणणं हा सरळ, समोरचा रस्ता होता. ते मला त्या क्षणी लख्ख माहीत होतं, आणि तरी मनातला गणिताचा सर म्हणत होता, सहा इस्पिकं आहेत, पाच चौकट आहेत, कोणीही बोलेल, कोणीही. बोलेलही. पण मी कशामुळं बोलत होतो?

“पाच इस्पिक,” मी म्हणालो.

सोजराबाईंनी पानं मांडली. इस्पिकची राणी. चौकटचा राजा. बरोबर मला हवी होती ती दोन. एक बदाम, एक किलवर दिलं, बाकी अकरा हात माझे. सहाशे पन्नास! माझ्या बेरजेनं आम्ही एकशे दहानं जिंकलो होतो. नानांनी दारातून मूठ वर केली. वाळूरकरांनी हात पुढं केला, “सुंदर बोली, सर,” आणि मी तो हातात घेणार, इतक्यात सोजराबाई म्हणाल्या:

“थांबा. पंच कोन हाय? तुमीच ना सायब? तर मी डबल म्हनायला येळ लावला. रोजच्यापरीस दुप्पट. माझ्या भिडूनं माझं थांबनं वाचलं.”

माझे कान तापले. वर्गात कॉपी पकडल्यावर पोरं ज्या ठिकाणी पाहतात, त्या जमिनीवरच्या ठिकाणी मी पाहत होतो.

“बाई,” वाळूरकर सावकाश म्हणाले, “ही तक्रार आम्ही करायची असते.”

“तुमी केली न्हाई, म्हनून मी केली.”

“सर?” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “थांबण्यामुळं बोललात?”

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. पण समोर त्या बसलेल्या होत्या. “हो,” मी म्हणालो.

वाळूरकरांनी पुस्तक उघडलं. चौघांची पानं उताणी मांडायला सांगितली आणि मी पास म्हटलं असतं तर पाच बदामांचं काय झालं असतं, ते बोट ठेवून मोजू लागले. आमचे इस्पिकचे दोन हात. चौकटचे दोन. सोजराबाईंच्या राणी-गुलाम-नव्वीला बदामात एक. पाच हात आमचे, म्हणजे डॉक्टरांचे आठच. अकराला तीन कमी. डबल असल्यानं दंड आठशे.

“आठशे!” नाना ओरडले. “सहाशे पन्नासपेक्षा जास्त की हो!”

“नियम असा आहे,” वाळूरकर म्हणाले, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांना ते सांगताना त्रास होत होता. “चूक झाली. पण नुकसान आमचं झालं नाही, चूक करणाऱ्याचंच झालं. चूक करणाऱ्याला त्याहून बरा निकाल देता येत नाही. तेव्हा निकाल आहे तसाच. सहाशे पन्नास.”

“मग जिंकलोच की आपण,” मी पुटपुटलो.

डॉक्टर कोमलनी बेरीज केली. पुन्हा केली. मग कागद माझ्यापुढं सरकवला. तिसऱ्या डावातला माझा दंड मी मनात तीनशे धरला होता. तो डाव जड दंडाचा होता, पाचशेचा. आम्ही पाचशे चाळीसनं नव्हे, सातशे चाळीसनं मागं होतो. सहाशे पन्नास मिळवून नव्वदनं हरलो. गप्प बसून पास म्हटलं असतं, तर साठनं जिंकलो असतो.

बत्तीस वर्षं गणित.

सगळ्यात आधी वाळूरकर उठले. ते उठले म्हणून डॉक्टर उठल्या. आणि त्या दोघांनी सोजराबाईंना, मी पाहिलं ते सांगतो, वाकून नमस्कार केला. संतराम कधी उभे राहिले ते कळलं नाही, पण टोपी सरळ करून उभे होते. वहीत त्यांनी शेवटचं लिहिलं ते मला नंतर दाखवलं: ‘जुगार आढळून आला नाही. सामना संपतेवेळी एका बाईने स्वतःच्याच भिडूस पकडून दिले.’

नाना मात्र नाना. “नव्वद तर नव्वद,” ते म्हणाले. “हारले ते हारले. खोली कॅरमची.” आणि किल्ली खिशात टाकून खाली गेले.

पाहुणे गेल्यावर मी आणि सोजराबाई जिना उतरलो. त्यांना गुडघ्याचा त्रास, म्हणून एकेक पायरी. मी राग धरायचा ठरवलं होतं. सहा पायऱ्या धरलाही. मग विचारलं.

“मावशी, तुम्हाला तरी थांबायला काय झालं?”

“राणी आन राजा. दोन्ही तुमच्या कामाचे दिसून राहिले व्हते. आन माझे बदाम समोरच्याच्या मुळावर. कोनतं मोठं ते ठरंना. म्हातारी झाले, पाचात न्हाई ठरलं.”

“पण सांगितलं काहून? कोणाला कळलंच नसतं.”

त्या पायरीवर थांबल्या. कठडा धरला. एवढ्या जवळून त्यांनी माझ्याकडं कधी पाहिलं नव्हतं, आणि मीही त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. या वेळी त्या रागावल्या नाहीत.

“तुमाला कळलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “मला कळलं व्हतं. चार जनाच्या खेळात दोघाला कळलं, मंग राहिलं कोन?”

आणि पुढची पायरी उतरल्या. खालच्या आळीत एकाला तीन वाजता इंजेक्शन द्यायचं होतं, आणि तीन वाजत आले होते.